शिर्डीच्या वाटेवरची आगटी

डिसेंबर निम्मा सरला की पुण्याहून नगरमार्गे शिर्डीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाट्या उगवू लागतात. काही छापील फ्लेक्स, काही पत्र्यावर ब्रशने रंगवलेल्या, तर काही नुसत्या पुठ्ठ्यावर: 'हुरडा पार्टी', खाली मोबाइल नंबर आणि शेताकडे वळणारा बाण. बहुतेक गाड्या तशाच पुढे जातात. कुणाला धुपारती गाठायची असते, कुणाच्या दर्शनाच्या पासवर वेळ छापलेली असते. जी गाडी बाणाच्या दिशेने वळते तिच्यातल्या माणसांना पुढच्या अर्ध्या तासात कळतं, की या जिल्ह्याकडे विस्तवावर भाजून खाण्याची स्वतःची एक रीत आहे आणि तिचा इथल्या माणसाला भलताच अभिमान आहे.

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. बाहेरच्या माणसाला तो साईबाबा, शनिशिंगणापूर, साखर कारखाने आणि हिवरेबाजार एवढ्यात आटोपतो. पण नगरकराला (नाव बदललं तरी तोंडात अजून नगरच) विचारा, 'थंडीत तुमच्याकडे यायचं तर कशासाठी?' उत्तर एकच येतं: हुरडा, म्हणजे आगटीतल्या गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेली कोवळी ज्वारी. त्यावर सोलापूरकर लगेच म्हणतो, खरा हुरडा आमच्या मंगळवेढ्याचा. बीडवाला दोघांनाही वेड्यात काढतो. हा वाद मिटणारा नाही, आणि तो मिटावा असं कुणाला वाटतही नाही.

अशा वादांचं जगात सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे बार्बेक्यू, म्हणजे मंद विस्तवावर आणि धुरावर तासन्‌तास शिजवलेलं मांस, हा गावागावांच्या अब्रूचा प्रश्न असतो. टेक्सासमधलं लॉकहार्ट हे लहानसं गाव. तिथल्या राज्य विधिमंडळाच्या प्रतिनिधिगृहाने १९९९ मध्ये चक्क ठराव करून त्याला 'टेक्सासची बार्बेक्यू राजधानी' ठरवलं. गावातलं एक जुनं दुकान, क्रॉइझ मार्केट, १९०० सालचं. मूळचा खाटकाचा धंदा. तिथे मांस कागदावर वाढत आणि काटा मागायची सोय नव्हती, हातानेच खायचं. मेम्फिस, कॅन्सस सिटी, कॅरोलिना, प्रत्येकाचं लाकूड वेगळं आणि मसाला वेगळा, पण बढाई सारखीच.

आपल्याकडे हुरड्यासाठी कुणी विधानसभेत ठराव आणलेला नाही. आणावा असंही नाही. पण एखाद्या मुलखाची माती, तिथलं जळण, तिथला हंगाम आणि तिथल्या माणसांचा हात हे सगळं एका विस्तवाभोवती जमतं, तेव्हा त्याला नुसता नाश्ता म्हणून भागत नाही. शिर्डी या गोष्टीला अपवाद वाटते. तिथे हॉटेलांच्या पाटीवर पंजाबी, साउथ इंडियन, गुजराती थाळी, सगळं मिळतं. नगरी मातीचं काय मिळतं, हे शोधावं लागतं.

मात्र शिर्डीची ओळखही विस्तवापासूनच सुरू होते. द्वारकामाई या मशिदीतली धुनी साईबाबांनी पेटवली ती आजही विझू देत नाहीत, तिचीच उदी घरोघर जाते. त्या धुनीइतकीच बाबांची चूल एकेकाळी प्रसिद्ध होती, हे मात्र भाविकांपैकी थोड्यांच्याच लक्षात असतं. गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या 'श्री साईसच्चरित' या ओवीबद्ध चरित्रात अडतिसावा अध्याय बाबांच्या हंडीवर, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकावर आहे. बाबा स्वतः बाजारात जाऊन धान्य, मसाले आणत. मशिदीच्या अंगणात चूल मांडत, मसाला स्वतः वाटत. दोन हंड्या होत्या, एक पन्नासेक माणसांची आणि दुसरी शंभरेक माणसांची. कधी गोड भात होई, कधी मांसाचा पुलाव, कधी डाळीत सोडलेल्या कणकेच्या गोळ्या. शिजलं की नाही ते पाहायला उकळत्या हंडीत बाबा हात घालून ढवळत, असं चरित्र सांगतं. ज्याला जे चालतं तेच त्याला वाढलं जाई. आणि या सगळ्याबरोबर सर्वांना सारखी वाटली जाई ती ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. पुढे भक्तांकडून येणारा नैवेद्य वाढला तशी १९१०च्या सुमारास हंडी थांबली.

आज संस्थानच्या प्रसादालयात रोज हजारो माणसं जेवतात. छतावर बसवलेल्या ७३ मोठ्या अंतर्वक्र तबकड्या ऊन गोळा करून वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर भात-डाळ शिजते. २००९ पासून चालणारी ही सौर यंत्रणा पाहण्यासारखी आहे. एका गावाने शंभर वर्षांत लाकडाच्या चुलीपासून सूर्यापर्यंत मजल मारली, याचं कौतुक वाटतंच. पण ताटात पोळी गव्हाची असते. आंबिलीतली ज्वारी शिर्डीच्या ताटातून कधी गेली याची तारीख सांगता येणार नाही, पण ती का गेली हे सांगता येतं.

कालवा आला म्हणून. नाशिक जिल्ह्यात दारणा धरण १९१६ साली पुरं झालं, नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे कोपरगाव, राहात्याच्या बाजूला आले. पलीकडे प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये उभं राहिलं. पाण्यामागून ऊस आला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने, लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना चालू केला आणि उत्तर नगरचं रूपच पालटलं. राहात्याचे पेरू बाजारात नावाजले. ज्या काळ्या जमिनीत बाबांच्या वेळी ज्वारी-बाजरी डोलत होती, तिथे उसाचे फड आणि पेरूच्या बागा झाल्या. पाणी मिळालं की शेतकरी जास्त पैशाच्या पिकाकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून या जिल्ह्यात दोन जिल्हे नांदतात असं बोललं जातं. उत्तरेत बागायत, साखर, सहकार, सत्ता. दक्षिणेत पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी: पर्जन्यछायेतली जिरायत जमीन. दक्षिणेच्या वाट्याला पाऊस कमी, दुष्काळ जास्त. पण हुरडा आला तो तिच्याच वाट्याला. जिल्हा ज्याचा अभिमान मिरवतो ती चीज त्याच्या गरीब अर्ध्या भागाने जपलेली आहे, हे नगरी हुरड्याबद्दल बोलताना सहसा कुणी म्हणत नाही.

हुरडा होतो तो रब्बी ज्वारीचा, म्हणजे शाळूचा. खरिपाची ज्वारी पावसात सापडते आणि दाणा काळा पडतो. शाळूचं तसं नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते आणि त्यानंतर पीक जवळजवळ संपूर्ण वाढतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या गारव्यावर. काळी भारी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि पुढचे काही महिने ते हळूहळू पिकाला देत राहते. नोव्हेंबरात ताट पोटरीला येतं, मग कणीस निसवतं, फुलोरा येतो आणि दाणा भरायला लागतो.

हुरड्याचं सगळं गणित या दाणा भरण्यात आहे. पानांत तयार झालेली साखर दाण्यात येऊन पडते आणि तिथे तिचं पिष्ट बनतं. सुरुवातीला दाण्यात नुसता पांढरा चीक असतो. नखाने दाबला की दुधासारखा बाहेर येतो. तेव्हा भाजलं तर हाती काहीच लागत नाही, दाणा सुरकुतून जातो. शेवटी दाणा टणक होतो, त्यात पिष्ट भरून पाणी उडालेलं असतं, तेव्हा भाजलं तर दाताखाली खडा यावा तसं होतं. या दोन्हींच्या मधे सात-आठ दिवस असे येतात, की दाण्यात ओल भरपूर असते, साखर अजून पुरती पिष्टात गेलेली नसते आणि जे पिष्ट झालंय ते मऊ असतं. 'ज्वारी हुरड्यात आली' म्हणतात ते या दिवसांना. पेरणीपासून मोजलं तर हे साधारण नव्वद ते शंभर दिवसांनी घडतं. थंडी कडक असेल तर दाण्यातले हे बदल सावकाश होतात, गोडवा दोन दिवस जास्त टिकतो. ऊन चढलं की तो तितकाच लवकर जातो. पौषातल्या थंडीत हुरडा गोड लागतो असं म्हातारी माणसं म्हणतात, त्यामागे हे शरीरशास्त्र आहे.

एवढ्यासाठीच हुरडा शहराकडे जात नाही, शहराला हुरड्याकडे यावं लागतं. कणीस ताटावरून खुडलं की दाण्यातली साखर कमी व्हायला लागते. गोठवलेला हुरडा आता पाकिटातून मिळतो, त्याची भाजी, उसळ, थालीपीठ बरं होतं. पण आगटीवरचा हुरडा आणि पाकिटातला हुरडा या दोहोंचा एकमेकांशी फारसा संबंध उरत नाही. जी चीज प्रवास करत नाही, तिच्याभोवतीच गावाचा अभिमान टिकून राहतो. टेक्सासवाले आपलं मांस डब्यात भरून लांबवर पाठवू शकतात. जामखेडवाल्याला ते जमणार नाही, त्याला पाहुणाच बोलवावा लागतो.

शाळूच्या कोणत्याही वाणाचा हुरडा होतो, चांगला हुरडा मात्र थोड्याच वाणांचा. जुन्या वाणांची नावं नुसती ऐकली तरी तोंडाला पाणी सुटतं: गुळभेंडी, कुचकुची, सुरती, काळी दगडी. या वाणांत दाणा गोड तर असतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाण्याला धरून बसलेलं फोलपट सैल असतं. भाजून चोळलं की दाणा टपटप मोकळा होतो. मालदांडी म्हणजे मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेलं 'एम ३५-१' हे वाण. भाकरीला अजूनही कित्येकांना त्याच्यापुढे दुसरं काही नको असतं. हुरड्यालाही ते चालतं. पण जाणकार चालतं एवढंच म्हणतात, पुढे बोलत नाहीत.

आणि इथे शिर्डीच्या रस्त्याचा पुन्हा संबंध येतो. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या अलीकडे महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कमान लागते. १९६८ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ. शिर्डीला जाणाऱ्या असंख्य गाड्या तिच्यासमोरून रोज धावतात आणि आतल्या माणसांना कल्पनाही नसते, की भिंतीपलीकडे त्यांच्या जेवणाचा इतका विचार झालेला आहे. राहुरीच्या संशोधकांनी ज्वारीच्या एकेका कामासाठी वेगळं वाण काढलं. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. लाह्यांसाठी फुले पंचमी, नावातच नागपंचमी. पापडासाठी फुले रोहिणी. आणि हुरड्यासाठी फुले उत्तरा व फुले मधुर. परभणीच्या विद्यापीठाचं हुरड्याचं वाण आहे परभणी वसंत. सरकारी संस्थेत माणसं बसून हुरड्याच्या चवीसाठी कणसं पारखतात, चोळून किती दाणा सुटतो ते पाहतात, ही गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे संशोधन म्हटलं की उत्पादन, कीड आणि रोग एवढंच डोळ्यांपुढे येतं. चवीला कुणी वाली असतो हे कळलं की बरं वाटतं.

आता आगटी. शेताच्या बांधाजवळ, वारा अडेल अशा जागी वीतभर खोल, हात-दीड हात रुंद खड्डा करतात. त्यात गोवऱ्या उभ्या रचून पेटवायच्या आणि जाळ ओसरेपर्यंत थांबायचं. घाईच्या माणसाचा हुरडा इथेच बिघडतो. ज्वाळा असताना कणीस घातलं तर वरचं फोलपट पेटतं, दाण्याचं तोंड करपतं आणि आत तो कच्चाच राहतो. जाळ खाली बसला, धूर कमी झाला, गोवऱ्यांवर राखेचा पातळ थर आला आणि आतून लाल आर दिसायला लागला, की कणसं ठेवायची. दांडा बाहेर, कणीस आरावर. थोड्या थोड्या वेळाने दांड्याला धरून फिरवायचं. दाणे तडतडायला लागले, हिरवेपणावर करडी झाक आली, की बाहेर.

गोवरीच का, असा प्रश्न शहरी पाहुणा हमखास विचारतो आणि नाकही मुरडतो. कारण सरळ आहे. लाकूड भडकून जळतं आणि त्याचा विस्तव एका जागी जास्त, दुसऱ्या जागी कमी असा असतो. गोवरीत लाकडापेक्षा उष्णता कमी, पण ती तंतुमय असल्याने मंद, एकसारखी आणि बराच वेळ धुमसत राहते. कोवळ्या दाण्याला हवी ती अशीच आच. आत दाण्यात पाणी आहे. सत्तर अंशांच्या आसपास त्यातलं पिष्ट त्याच पाण्यात फुगून मऊ होतं, म्हणजे दाणा स्वतःच्याच ओलीत वाफवला जातो. बाहेरच्या बाजूला मात्र पाणी उडून साखर आणि प्रथिनं एकमेकांवर भाजली जातात. तिथून तो खमंगपणा येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेलार यांनी १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं. पावाच्या कवचाचा, भाजलेल्या मांसाचा आणि कॉफीच्या बियांचा वास हिच्यातूनच येतो. लॉकहार्टचा भट्टीवाला आणि पारनेरची आजी यांचं रसायनशास्त्र एकच.

कणीस बाहेर काढलं की कौशल्याची पाळी. हातात गोणपाटाचा तुकडा घ्यायचा, त्यात गरम कणीस धरून दोन्ही तळव्यांनी चोळायचं. सवयीचा माणूस ते उघड्या हातांनी करतो. हुरडा भाजणाऱ्या बायांचे तळवे पाहिले तर ते राखेने पांढरट आणि कडेला काळे झालेले दिसतात, आणि चटका बसतो का विचारलं तर त्या हसून पुढचं कणीस उचलतात. चोळलेला दाणा सुपात पडतो, दोन-तीन पाखडण्यांत फोलपट उडून जातं आणि हिरवट, टपोरे, वाफाळते दाणे पाहुण्यापुढे येतात. ते त्याच क्षणी खायचे. निवले की पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि दाणा वातड होतो. म्हणून आगटीभोवती कुणी ताट घेऊन लांब जाऊन बसत नाही. जो भाजतो तो सर्वांत शेवटी खातो, हा आगटीचा शिष्टाचार आहे. घरात यजमान कितीही मोठा असो, इथे तो कणसं फिरवत बसलेला असतो. 'अहो, तुम्ही पण घ्या ना,' असं पाहुणा तीनदा म्हणतो. 'तुम्ही घ्या हो, आमचं रोजचंच आहे,' हे उत्तर ठरलेलं.

बरोबर काय? शेंगदाण्याची, लसणाची, कारळ्याची, जवसाची, तिळाची चटणी, त्यात तेलाची धार. घट्ट दही. गूळ. रेवड्या आणि गोडीशेव. हंगाम असतोच म्हणून बोरं, पेरू, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे. त्याच आरात कुणी वांगं भाजतं, कुणी कांदा. शेवटी ताक. शहरातल्या 'पार्टी'त पुढे पिठलं-भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा असं जेवणही असतं. ते छानच असतं, पण त्यासाठी पोटात जागा ठेवणारा माणूस हुरडा नीट खात नाही, असं माझं मत आहे.

हुरडा हा पोरांचाही खेळ होता. चिकात आलेलं पीक पाखरांना फार आवडतं. म्हणून शेतात माळा बांधून पोरं गोफण घेऊन पहाटेपासून राखण करत आणि भूक लागली की बांधावर चार गोवऱ्या पेटवत. पार्टी हा शब्द येण्याआधी हुरडा म्हणजे हेच. आल्यागेल्याला हाक मारून शेतात बसवायचं, त्याचे पैसे घ्यायचे ही कल्पनाच नव्हती. हुरड्याला बोलावलं नाही म्हणून पै-पाहुण्यांत रुसवे होत.

थंडीत शेतात जमून विस्तवावर काहीतरी भाजायचं, ही रीत नगरची एकट्याची नाही. रायगडात त्याच दिवसांत पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. खानदेशात भरताच्या पार्ट्या होतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती वांगी कापसाच्या काड्यांवर भाजली तरच खरी, असा तिथल्या लोकांचा हट्ट असतो. सुरतेत आपल्या हुरड्याचाच भाऊ, पोंक, साध्या आणि लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. उत्तर कर्नाटकात त्याला सीतनी म्हणतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळालंय, त्यामुळे सोलापूरकरांच्या हातात एक सरकारी कागद आहे आणि वादात तो ते बाहेर काढतात. नगरकराचं त्यावर म्हणणं असं, की कागद पिकलेल्या ज्वारीचा आहे, कोवळ्या ज्वारीबद्दल बोला.

एक गंमत मात्र फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्या टेक्सासमध्ये बार्बेक्यूची राजधानी आहे, ते आणि कॅन्सस हीच अमेरिकेतली ज्वारी पिकवणारी आघाडीची राज्यं. तिथे ज्वारी माणसं जवळजवळ खात नाहीत. ती जनावरांच्या खाद्यात जाते, इथेनॉलला जाते, निर्यात होते. म्हणजे ज्वारी तिथेही विस्तवापर्यंत पोचते, पण गुरांच्या पोटातून वळसा घेऊन. आपण तो वळसा घेत नाही, कणीसच आगटीत घालतो. या अमेरिकन ज्वारीची महाराष्ट्राशी एकदा भेटही झालेली आहे. १९७२च्या दुष्काळात रेशनवर जी लाल 'मिलो' आली ती हीच. दुष्काळी कामावर खडी फोडलेली पिढी अजूनही त्या भाकरीच्या रंगाची आणि चवीची आठवण काढून तोंड वाकडं करते. तिने लोक जगवले हेही तितकंच खरं.

त्या दुष्काळानंतर ज्वारीला उतरती कळा लागली. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागला, पोळी ही प्रतिष्ठेची आणि भाकरी ही गरिबाची असा समज घट्ट झाला. शाळूची काढणी हाताने उपटून करायची, त्याला मजूर मिळेनासे झाले. आता चक्र थोडं उलटं फिरलंय. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, डॉक्टर भाकरी खा म्हणू लागले आणि शहरात ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. शेतकऱ्याला मात्र खरा हात दिला तो हुरड्याने. दाणा म्हणून विकलेल्या ज्वारीपेक्षा हुरडा म्हणून विकलेल्या ज्वारीला कितीतरी जास्त पैसा मिळतो. पीक महिनाभर आधी मोकळं होतं, आणि कणसं खुडल्यावर उरलेली हिरवी ताटं गुरांना वैरण म्हणून लगेच कामी येतात. टप्प्याटप्प्याने, आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरणी केली की आठवड्याचा हंगाम दीड-दोन महिने चालवता येतो. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर या धंद्याला अधिकृत नावही मिळालं.

धंदा झाला की त्याचे दोषही आले. काही ठिकाणी हुरडा पार्टी म्हणजे लाउडस्पीकर, रेन डान्स आणि सेल्फीसाठी रंगवलेली बैलगाडी. हुरडा मागच्या बाजूला गॅसच्या शेगडीवर भाजून स्टीलच्या डब्यात भरून येतो. मला याची चीड येते, पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर ती ओसरते. गिऱ्हाईक जे मागतं ते तो देतो. गिऱ्हाइकाला मागायचं काय हे कळलं, तर तो आगटी पेटवायला एका पायावर तयार असतो.

तेव्हा डिसेंबर-जानेवारीत शिर्डीला निघाला असाल तर दर्शनाची वेळ थोडी मागेपुढे ठेवा आणि पाटी दिसली की वळण्याआधी त्या नंबरवर फोन करा. विचारायच्या गोष्टी तीन. वाण कोणतं, गुळभेंडी, उत्तरा की मधुर? नुसतं 'एक नंबर हुरडा आहे साहेब' असं उत्तर आलं तर पुढची पाटी बघावी. कणसं तिथल्याच शेतातली आहेत की सकाळी बाजारातून आणलेली? आणि भाजणार कशावर? तिन्हींची उत्तरं सरळ आली तर सकाळी दहा-अकराच्या आत पोचा, दव उतरलेलं असतं आणि ऊन अजून तापलेलं नसतं. चटणी घरून नेऊ नका, तिथली तिखट असते. हात धुवायला पाणी मिळेल, पण नखांतली राख शिर्डीपर्यंत काही निघत नाही. दर्शनाच्या रांगेत तुमच्यासारखीच नखं असलेला दुसरा कुणी दिसला, तर त्याला वाण विचारायला हरकत नाही.